सुलूताईची दीपकाडी

जून लागला की सुलूताई पलंगाखालचा दूध पावडरचा डबा ओढायची, तापलेल्या गच्चीवर न्यायची आणि ओंजळीतून थेंब थेंब पाणी सोडायची. बिल्डिंगमधल्या बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा गो. आमच्याकडे मिरग लागलाय." एरवी वर्षभर त्या डब्याला पाणी नाही.

मी इकडं आखातात, उम्म अल हस्समला आले तेव्हा पोरगं अंगावर पीत होतं, हे शिफ्टला जायचे, आणि मला सारखं वाटायचं पोर झोपेतच जाईल, म्हणून मी त्याला हलवून हलवून उठवायची, ते रडलं की मग माझ्या जीवात जीव यायचा. एकदा सुलूताई शेजारच्या दारातून आली आणि माझा हातच धरला. "झोपलाय तो, बाय. उठवू नको." मग डबा आणून दाखवला. मातीत छोटा कांदा होता. "हा पण झोपलाय. दीपकाडी म्हणतात. सारखं उकरून बघितलंस तर मरेल."

तिचं गाव रत्नागिरीकडचं, वर सडा, म्हणजे उघडा कातळ, त्याच्यावर पावसात ही पांढरी फुलं, गोड वासाची, दुसरीकडं फारशी येतच नाहीत. "लहानपणी आम्हीच उपटायचो, कांद्यासकट, वेणीत घालायला. वाटायचं, सडा काय संपणाराय होय?"

भाऊजी, म्हणजे तिचे मालक, सलमाबादला गॅरेजात होते. लांब सुट्टी काढून गावाला गेले आणि घर बांधूनच आले. आम्हाला सगळ्यांना बोलावून फोटो दाखवला. लालभडक चिऱ्याच्या भिंती, पुढं पडवी. आमचे हे म्हणाले, "भाऊ, राजवाडाच की हो." सुलूताई फोटो जवळ धरून बघत होती.

"चिरा कुठचा?"

"आपल्याच सड्यावरचा. खाण काढलीय तिथं. लांबून आणायला नको."

"वरची माती?"

"ती खरवडून दरीत ढकलतात. मातीचं काय करायचंय?"

ती म्हणाली, "घर छान झालं," आणि चहा ठेवायला गेली. मी मागं गेले तर आधण उकळून उकळून आटत होतं. "माझ्यासाठीच बांधलं गो त्यांनी," म्हणाली, "आता रागवू कोणावर?"

त्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. हॉस्पिटलला निघाली तेव्हा गाडी खाली उभी, भाऊजी "यल्ला, यल्ला" करतायत, आणि ही पलंगाखाली वाकून डबा काढतीय. माझ्या हातात दिला. "सड्यावरची एवढीच उरलीय. मिरगाला पाणी घाल. त्याच्या आधी नको."

परत आलीच नाही. भाऊजींनी तिला विमानानं गावी नेलं आणि पहिल्यांदा त्या नव्या घरातच नेलं, पडवीत ठेवलं. त्यांनीच येऊन सांगितलं. सांगताना म्हणाले, "घर बघायचं होतं ना तिला." मी मान हलवली.

यंदा कॅलेंडरात बघून मिरगाला पाणी घातलं. तिच्यासारखंच, ओंजळीनं. अजून काही वर आलेलं नाही. जास्त झालं का पाणी, ऊन लागलं का, कुणाला विचारू, ज्या बाईला विचारायचं तीच नाही. आज बोट मातीत घातलंच होतं मी, कांदा आहे का कुजला ते बघायला. आत पोरगं गाढ झोपलं होतं, त्याला काही हलवलं नव्हतं.

बोट बाहेर काढलं, आणि माती परत सारखी केली.