लिबियाचे राजे, मनमाडचे चेअरमन

आमच्या खालच्या मजल्यावर इतिहासाचे एक निवृत्त मास्तर राहतात. नवा माणूस दिसला की ते आधी विचारतात, ‘मूळचे कुठले?’ उत्तर येवला असो की पेठ, मान डोलावून म्हणतात, ‘वा, म्हणजे राजे व्हायला हरकत नाही.’ समोरचा गोंधळला की स्वारी खूश.

यंदा सोसायटीच्या निवडणुकीत मनमाडहून आलेले एक रेल्वेवाले उभे राहिले. इथले, पंचवटीतलेच जुने रहिवासी कुरकुरले, ‘बाहेरच्या माणसाला कशाला चेअरमन करायचं?’

मास्तर सावकाश उठले. ‘लिबियाची माणसं इजिप्तमध्ये शिपाई म्हणून आली, तिथंच राहिली आणि पुढे त्यांच्यातलेच राजे झाले. नावंसुद्धा स्वतःची, लिबियाचीच ठेवली त्यांनी. इजिप्तनं पिरॅमिडांसकट देश दिला, आपल्याला पाण्याची टाकी देववत नाही?’

सभा हसली आणि मनमाडकर निवडून आले.

आठवड्याभरात त्यांनी नळीनं गाड्या धुण्यावर बंदी घातली. नळीनं स्कूटर धुणारे इमारतीत एकटे मास्तरच. मी विचारलं, ‘काय मास्तर, पश्चात्ताप होतोय का?’

बादलीत फडकं पिळत ते म्हणाले, ‘छे हो. आपल्यातला असता तर भिडेखातर गप्प बसला असता. हा खरंच राज्य करतोय.’