सासूबाईंच्या खोलीतला गारवा

सासूबाई सप्टेंबरात दुबईला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वेटर मागितला. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आणि अल मनखूलच्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत त्या कानटोपी घालून पोथी वाचत बसलेल्या. लेक विचारायची, "आजी, इज इट विंटर इन युअर रूम?" होताच हिवाळा. त्या खोलीतला एसी बंद करायला माझ्या नवऱ्याची सक्त मनाई होती.

कारण कपाटात होतं. त्याच खोलीतल्या कपाटात, माझ्या ठेवणीतल्या पैठणीखाली, फ्रेंच रेड वाइनची एक बाटली आडवी झोपलेली होती. लेक झाली त्या वर्षी नवऱ्याने ती साठ दिरहमना आणली, म्हणजे तेव्हाचे हजारभर रुपये. दुकानदार म्हणाला होता, फ्रान्सातल्या मादिराँकडचा जुन्या वळणाचा शेतकरी आहे, आजोबांच्या रीतीनेच करतो, त्याला घाई म्हणून नाही. आत्ता उघडलीत तर तोंडाला कोरड पडेल. दहा वर्षं गार, अंधाऱ्या जागी ठेवा, मग महागड्या बाटल्या हिच्यापुढे पाणी भरतील. स्वस्तात मस्त, आणि वर ठेवून द्यायची! आमच्या पुणेरी घराला आणखी काय हवं? लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला उघडायची असं ठरलं. दर सुट्टीत पुण्याला जाताना आम्ही गॅस, गीझर, सगळं बंद करायचो. त्या खोलीचा एसी मात्र चालू.

आता पंचेचाळिशीचा हा बाप्या 'घेतो' हे त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं, "अरे, कशाला इतका गारवा?" तेव्हा हा बेधडक म्हणाला, "तुझ्यासाठीच गं आई. तुला इथला उकाडा सोसायचा नाही." अस्सा राग आला मला! पण सासूबाईंचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. जन्म गेला त्यांचा दुसऱ्यांना वारा घालण्यात. फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, पोरगा माझ्यासाठी एसी बंद करू देत नाही! हाडं गोठतात माझी, पण बोलायचं कसं? त्याचं मन मोडेल."

त्यांना खरं सांगावं असं रोज मनात यायचं. पण सांगणार काय? तुमच्या मुलाने तुम्हाला बाटलीशेजारी फ्रिजमध्ये ठेवलंय म्हणून?

एका गुरुवारी डोकं दुखतं म्हणून नवरा भरदुपारी घरी आला. मला सुट्टी होती, लेकीला शाळेतून घेऊन मीही त्याच वेळी पोचले. आईच्या खोलीचं दार त्याने उघडलं तर आत भट्टी. एसी बंद, आणि सासूबाई घामाघूम होऊन वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या. आम्हाला बघून चोरी पकडल्यासारख्या गडबडल्या.

"अरे, तुम्ही गेलात की मी बंद करते, आणि यायच्या वेळेला लावते. आल्यापासून रोजच. तुझं बिल केवढं येत असेल! माझ्या एकटीसाठी कशाला?"

मला वाटलं, आता हा आईजवळ जाईल. हा गेला कपाटाकडे. पैठणी बाजूला सारून बाटली काढली, गालाला लावून बघितली आणि म्हणाला, "आई, अगं, उकडली ना ही!"

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

सासूबाईंनी बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे गारवा हिला होता होय," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. खुंटीवरचा स्वेटर काढून अंगात घातला, रिमोट घेतला आणि एसी लावला. "आधी सांगायचंस रे. मी नसता बंद केला."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आम्ही हॉलमध्ये होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. "गारवा काय विचारतेस! माझ्यासाठी लावून ठेवतो. कुणाचा मुलगा करतो गं एवढं?" आवाज नेहमीसारखाच, उलट जरा चढाच. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. बरं झालं, असं मला वाटलं, आणि लगेच त्याची दयाही आली.

तो उठला. आत जाऊन त्याने एसी बंद केला, बाटली बाहेर आणली आणि आईच्या देखत डायनिंग टेबलावर उघडली. मी एक घोट घेतला. शिजून गेलेल्या मनुकांचा आंबट काढा! नऊ वर्षांची तपश्चर्या पाण्यात.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "बिघडली का रे माझ्यामुळे?"

"छे गं," नवरा म्हणाला आणि त्याने अख्खा ग्लास रिकामा केला. "मस्त झालीय. उगाच थांबलो इतके दिवस."

"मग बरं," म्हणत त्यांनी स्वेटर काढला आणि नीट घडी घातली. त्या बघत होत्या, म्हणून नवऱ्याने दुसरा ग्लास भरला.