मोटर बसली आणि भाऊजी उभे राहिले

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, शिंपी आहेत. कोटाची कॉलर त्यांनी बसवावी आणि बाकीच्यांनी नुसती बघावी. मध्यंतरी मात्र त्यांच्या कानात कुणीकुणी बोलायचं, दुकानातल्या आरशातून कुणी पाळत ठेवतंय असं वाटायचं. गोळ्या सुरू झाल्या आणि देवाच्या दयेने ते आवाज थांबले. मागच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली.

त्याच सुमारास दुकानाच्या मालकांनी त्यांच्या पायाने चालवायच्या मशीनला मोटर बसवली. झालं, भाऊजींना एका जागी बसवेना. चार टाके घातले की उठायचे, दारापर्यंत जाऊन यायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. मालक म्हणाले, "मास्तर, कोट शिवताय की गस्त घालताय? असंच चालायचं असेल तर दुसरा माणूस बघतो."

घरी हे म्हणाले, "त्याला मोटर मानवत नाही."

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "पुन्हा तेच सुरू होतंय. आणखी एक गोळी द्या."

"मी तर बंदच करतो," भाऊजी म्हणाले. "गोळी घेऊन काम जाणार असेल तर ती काय करायची?"

गोळी सुटली तर ते आवाज परत येणार, आणि बसणं जमलं नाही तर दुकान सुटणार.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ते माझ्या शेजारी बसले. चटईवर त्यांचे पाय वरखाली, वरखाली, अगदी मशीन चालवल्यासारखे. तोंडात देवाचं नाव आणि लक्ष त्या पावलांवर, अशी माझी प्रार्थना झाली.

मग विचारलं, "भाऊजी, आवाज येतात का हो परत?"

"नाही वहिनी. डोकं शांत आहे, पायच ऐकत नाहीत. हलवले की बरं वाटतं. ते जुनं मशीन होतं तेव्हा दिवसभर हलतच होते, त्यामुळे कळलं नसेल."

"मग हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालू. तोवर गोळी वाढवायची नाही आणि सोडायचीही नाही."

"हिला देवाने सांगितलं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"देवाने फोन दिलाय ना घरात," मी म्हटलं आणि दवाखान्यात नंबर लावला.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना खुर्चीत बसवून थोडा वेळ नुसतं पाहिलं. म्हणाल्या, "हा आजार नाही, गोळीचा त्रास आहे. डोस वाढला की काहींना असं होतं. आपल्या मनाने बंद केली असती तर आजार उलटला असता. आणि आजारच समजून वाढवली असती तर पाय आणखी पळाले असते." बरोबर आलेल्या सासूबाई पंख्याकडे बघू लागल्या.

डोस थोडा खाली आणला. वजन घेतलं, रक्तातली साखर बघायला सांगितली, कारण या गोळीने दोन्ही वाढू शकतात.

भाऊजींनी पोटावर हात फिरवला. "हे गोळीचं की वहिनींच्या स्वयंपाकाचं?"

"माझ्या नावावर निम्मंच लावा," मी म्हटलं.

पाय एका दिवसात थांबले नाहीत. आधी गस्त कमी झाली, मग नुसता अंगठा हलायचा. या उठबशीत अडकलेला कोट गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला. दुसऱ्या माणसाचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही.

आज प्रार्थनेत मी एक डोळा किलकिला करून बघितलं. भाऊजींचे पाय स्वस्थ होते. पलीकडे सासूबाईंचाही एक डोळा उघडा.

"दोघींनी प्रार्थना करा," भाऊजी डोळे मिटूनच म्हणाले. "पाय जागेवर आहेत."