सोबतीचं जेवण

मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या बायकोची केमो थांबवली. वजन घटलं होतं, रक्तातली प्रथिनं कमी झाली होती आणि शरीरातला दाह वाढला होता. "आधी खाणं सुधारा, नाहीतर पुढचं औषध झेपणार नाही," ते म्हणाले. नातेवाइकांनी सांगितलेलं पथ्य म्हणून मी तिला नुसती पेज देत होतो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सासूची सेवा करायला रामटेककडची एक बाई आली होती. दुपारी डबा उघडून ती बायकोला म्हणाली, "मी एकटीच जेवून राहिली वं. मले सोबत दे."

"मला पथ्य आहे."

"पथ्य खाणाऱ्याले असते. तू तं खातच नाही."

बायको हसली. तिने बाईच्या डब्यातलं पिठलं लावून अर्धी भाकरी खाल्ली. मग रोज त्या दोघी बरोबर जेवू लागल्या. बाई आग्रह करत नसे. स्वतः बोटं चाटत चवीने खाई.

वजन थोडं वाढलं, केमो पुन्हा सुरू झाली. ती दिवाळी आणि पुढचा उन्हाळा आम्हाला मिळाला. त्यात औषधाइतकाच त्या बाईचा वाटा मी धरतो.

आता बायको नाही. मी स्वतःपुरता स्वयंपाक करतो आणि एकटा असलो तरी त्या बाईसारखा चवीने जेवतो.