व्हीटशीफमधली शहाणी संध्याकाळ

१९०६ सालच्या त्या फेब्रुवारीत केटुरा पास्कला एका जागी बसवत नव्हतं. पुसलेली बाकं पुन्हा पुसायची, मागच्या खोलीत जाऊन पिंपांना उगाच हात लावून यायचं, खिडकीतून रस्ता बघायचा. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या विदरफील्डएवढ्या गावाला बिअरचे दोन गुत्ते कशाला, असं परवाने देणाऱ्या न्यायाधीशांना वाटू लागलं होतं. एक बंद होणार होता. एक तर तिचा व्हीटशीफ, नाही तर वरच्या आळीतला क्राउन. व्हीटशीफचं घर बिअरच्या कारखान्याच्या मालकीचं. परवाना गेला की तिच्या डोक्यावरचं छप्परही जाणार होतं.

गुत्ता सुरू केला तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी, इश्माएलनी. सरकारनं घरात बिअर विकायला मुभा दिली तेव्हा या सुतारानं पुढच्या खोलीतली गाडीची चाकं बाहेर काढली आणि पिंप आत आणलं. माणूस कडक. गिऱ्हाइकानं शिवी दिली की अर्धा पेला हातातून काढून घ्यायचा. त्याचा मुलगा रूबेन बरोबर उलटा, आपणच आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! घर कारखान्याच्या घशात गेलं ते त्याच्याच काळात. मग नातू अमोस, केटुराचा नवरा. दिवसा मेंढ्या राखायचा, संध्याकाळी बिअर ओतायचा. एका हिवाळ्यात छातीत थंडी भरून गेला. तेव्हापासून केटुरा एकटीच सगळं बघत होती. मूलबाळ नव्हतं, माहेरीही कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी फौजदार पाहणीला येणार, ही बातमी गुरुवारीच गावभर झाली. केटुरानं सगळ्यांना दम भरला.

“उद्या दंगा नको. गाणी नकोत, पैजा नकोत. आणि सायलस, तू तर येऊच नकोस. दोन पेल्यांत तुझी जीभ सुटते.”

“मी नाही आलो तर हे बाकीचे काय मौनव्रत धरणार आहेत?” नांगऱ्या सायलस म्हणाला.

“त्याचं खरं आहे, केटुरे,” कोपऱ्यातला म्हातारा गवंडी ओबेड म्हणाला. “आम्ही कुणीच येत नाही. कुठे बोट ठेवायला जागाच नको.”

“एवढं कराल माझ्यासाठी?” तिला भरून आलं.

“एका दिवसाचा तर प्रश्न!”

शुक्रवारी फौजदार आला तेव्हा शेगडी पेटलेली, पेले लखलखीत, आणि खोलीत चिटपाखरू नाही. तो टोपी काखेत धरून उभा राहिला.

“रोज असंच असतं का, बाई?”

“रोज अगदी असंच, साहेब. हवं तर शपथेवर सांगते.”

त्यानं मान हलवली आणि तो वरच्या आळीला गेला. इकडे केटुराला क्षणभर बरं वाटलं, मग लगेच ती पुसलेलं बाक पुन्हा पुसू लागली. तो बिअर किती खपते हे विचारायचंच कसं विसरला?

कोर्टात फौजदारानं सांगितलं ते असं. व्हीटशीफ नीटनेटका, बाई सज्जन, पण तिथे कुणी फिरकत नाही. हे बाईंनी स्वतः कबूल केलंय. क्राउनमध्ये मात्र उभं राहायला जागा नव्हती.

“ती माझीच माणसं होती हो!” केटुरा उठून ओरडली. “मीच त्यांना येऊ नका म्हटलं!”

लोक हसले. न्यायाधीशही हसू दाबत म्हणाले, “मग त्यांना क्राउन चालतो म्हणायचं.” व्हीटशीफचा परवाना गेला.

एक दिवस कोरड्या घशानं घरी बसणं यांतल्या एकालाही जमलं नव्हतं. मेले गाढव!

शेवटच्या संध्याकाळी अख्खं गाव व्हीटशीफमध्ये लोटलं. सायलस गात होता. केटुराचे हात भराभर पेले भरत होते, थांबतच नव्हते.

“आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं गं,” ओबेड म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “आता आमचं काय? क्राउनमध्ये शेगडीजवळची जागा मिळते होय आम्हाला? म्हातारपणी बसायचं कुठे माणसानं?”

केटुरानं बिअरचा जग खाली ठेवला.

“बसायचं कुठे, हे आठवडाभर प्रत्येकजण मला विचारतोय,” ती म्हणाली. “मी उद्या झोपायचं कुठे, हे एकानं तरी विचारलंत?”

सायलसचं गाणं अर्ध्यावर राहिलं. ओबेड पेल्यात बघत बसला.