पुलीनानांचं नख

समोरच्या गाळ्यातले नाना दोन गोष्टींवरून कुणाशीही भांडायला तयार असतात. एक, त्यांनी बसवलेली पुली आजवर परत आलेली नाही. दोन, उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे.

पुली म्हणजे डिझेल गाडीच्या इंजिनाच्या तोंडाशी गरगर फिरणारी जड चकती. आत लोखंड, बाहेर लोखंडाची कडी आणि मधे रबर. इंजिनाचे हिसके ते रबर मुकाट गिळतं, आमच्या वहिनी नानांचे गिळतात तसं. रबर म्हातारं झालं की बाहेरची कडी घसरते आणि वरचा बेल्ट गल्लीभर बोंबलतो. जुन्या गाडीची पुली मिळत नाही. मग नाना भलत्याच गाडीची नवी पुली आणतात, वजन जुळवतात, लेथवर तिचं भोक मोठं करतात, ती दांड्यावर घसरू नये म्हणून चावीची खाच कापतात, मागे वॉशर घालतात आणि तिला परक्या घरात नांदायला लावतात. हे सगळं मला कसं ठाऊक? माझ्या शिवणयंत्राजवळची खिडकी थेट त्यांच्या लेथसमोर उघडते. बावीस वर्षं बटणं लावता लावता मी अर्धी मेकॅनिक झालेय.

भोक, जाडी, खाच सगळं नाना व्हर्नियरने मोजतात. पण पुली गाडीत चढली की ती डायनामोच्या पुलीच्या रेषेत आली का, हे बघायला त्या सांदीत डोळाही पोचत नाही. तिथे नाना दोन्हीवर एक सरळ पट्टी टेकवतात आणि तिच्या कडेवरून पुलीवर नख ओढतात. नख अडलं की "अजून एक वॉशर." नख सुळकन सरकलं की "बसली!" एवढं म्हणून चहा मागवतात.

तर त्यांच्या लेकीने लग्न ठरवलं. तिचं तिनेच, तिच्याच प्रयोगशाळेतला मुलगा बघून. मुलाचे वडील वजन-मापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांचं नाव काटासाहेब ठेवलं. ते घर बघायला येणार म्हटल्यावर वहिनींनी पलंगाखालच्या अकरा पुल्या गाळ्यात ढकलल्या, न्हाणीघराच्या दाराला लावलेली बारावीही हलवली, आणि मग त्यांची नजर त्या नखावर गेली.

"अहो, ते आधी कापा."

"हत्यार आहे ते माझं!"

"हत्यारात काळं ग्रीस साचलंय. त्या हाताने पाहुण्यांना कप देणार?"

"बाबा, माझ्यासाठी," लेक म्हणाली. झालं, नाना विरघळले. नेलकटर मात्र त्यांच्या घरात नव्हता. तो खिडकीतून कुणी दिला ते विचारू नका. माझाच होता.

काटासाहेब आले ते किंचाळणाऱ्या जुन्या डिझेल गाडीतून. बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडलं. स्वयंपाकघरातला रिकामा वजनकाटा उचलून बघितला नि म्हणाले, "सहा ग्रॅम जास्त दाखवतोय." वहिनी अशा लाजल्या, जणू ते सहा ग्रॅम त्यांनीच खाल्ले होते. तासाभराने साहेब उठले.

"मुलं समजूतदार आहेत. पण मी घरं मापावरून ओळखतो. कळवतो."

लेकीचा चेहरा उतरला. नानांनी मात्र सुरू झालेल्या गाडीकडे कान केला आणि त्यांना राहवेना.

"व्याहीबुवा, पुली गेलीय तुमची."

"अजून व्याही झालेलो नाही."

"बरं, साहेब. पण पुली गेलीच आहे. या गाडीची आता कुठे मिळायची नाही. दोन दिवस गाडी ठेवा. माझी पुली परत आली तर गाळ्यावरची ही पाटी उतरवीन!"

लेकीने कपाळावर हात मारला. होकार अजून हवेत लटकलेला आणि बापाने तो पुलीला बांधून ठेवला.

दोन दिवसांनी गाडी गेली, मांजराच्या पावलांनी. आठव्या दिवशी कोपऱ्यावर ओळखीची किंचाळी ऐकू आली. माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. काटासाहेब उतरले, बॉनेट उघडलं नि बोटाने काळी भुकटी दाखवली. बेल्टची एक कड कुरतडल्यासारखी झिजली होती.

"हे काय, नाना?"

नानांनी पट्टी लावली, नख ओढलं. सरकलं. पुन्हा ओढलं. सरकलं. "बसलीय की हो," ते पुटपुटले. मग अंगठा डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. नखाच्या जागी गुळगुळीत मांस.

"अगं, जरा बाहेर ये. इथे नख फिरव बघू."

वहिनींनी फिरवलं. मला खिडकीत ऐकू येईल एवढ्या स्पष्टपणे ते खट्कन अडलं. एका पातळ वॉशरइतकी पुली मागे होती.

आता बघा, बेल्टवर ढकलून मोकळं होता आलं असतं. बेल्ट खराब निघाला म्हटलं असतं तर काटासाहेबांना काय कळणार होतं? लेक दारातच उभी होती. नाना तिच्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी शेवटचं माप नखाने घेतो. तुम्ही येणार म्हणून ते कापलं. बोटाला लागलं नाही आणि मी 'बसली' म्हणालो." आणि स्टूल ओढून पाटीचे स्क्रू काढायला चढले.

"नखाने?" काटासाहेबांचा आवाज चिरकला. "एकतीस वर्षं दुकानं तपासली. लोक काटा पोत्याखाली लपवायचे. आपलं माप बिघडलंय हे स्वतः सांगणारा माणूस आज बघतोय. उतरा खाली. किती दिवसांत वाढेल?"

"तीन आठवडे."

"माझं आहे ना," वहिनी म्हणाल्या, "मी फिरवते, आत्ता होऊन जाईल."

"ते प्रमाणित नाही," काटासाहेब म्हणाले. नानांनी इतक्या जोरात मान डोलावली की स्टूल हललं.

गाडी तिथेच राहिली. पुढचे तीन रविवार काटासाहेब बसने आले, नानांचा अंगठा हातात घेऊन खिशातल्या व्हर्नियरने नख मोजत बसले. "अजून अर्धा मिलिमीटर." "घाई नाही साहेब." मुलगाही सोबत यायचा. मापाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्यामुळे त्याला आणि लेकीला गच्चीवर भरपूर वेळ मिळायचा.

तिसऱ्या रविवारी नानांनी एक वॉशर वाढवलं, पट्टी टेकवली, नख ओढलं. सुळकन सरकलं. पण या वेळी निकाल नानांनी साहेबांवर सोडला. त्यांनी अंगठा पुढे केला. काटासाहेबांनी तो एकदा मोजला, मग आपलं स्वतःचं नख त्या कडेवरून फिरवलं नि म्हणाले, "बसली. चहा सांगा, व्याहीबुवा."

दारात कुणीतरी मोठ्याने नाक ओढलं. वहिनी म्हणतात लेक, लेक म्हणते वहिनी.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. फोटोत ते नख दिसेल म्हणून वहिनी परवा पुन्हा माझ्या खिडकीशी आल्या होत्या. त्यांना रिकाम्या हाताने पाठवावं लागलं. नेलकटर काटासाहेबांनी त्या तिसऱ्या रविवारीच जप्त केलाय, मी मागितला तर पावती दाखवा म्हणतात.