दाराबाहेरचे बूट

पालकसभेहून निघताना शाळेच्या टोकाच्या खोलीबाहेर काळ्या बुटांचा ढीग दिसला. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी. आतून मात्र एकच आवाज येत होता, तोही मुलाचा की मुलीचा हे कळू नये इतका हळू. एवढी पोरं एवढी गप्प कशी बसली असतील?

सोबतच्या वर्गशिक्षिका हसल्या. “आत एकच मूल असतं. बाकीचे जुने बूट, मुलांनीच आणून दिलेले. दाराशी एकच जोड दिसला, की बुटांवरून अख्ख्या सातवीला कळतं आत कोण आहे ते. मग पुन्हा कोणी येत नाही.”

मला नवल वाटलं. या वयात रडायलाही गर्दीचा आडोसा लागतो, आणि तो दुसऱ्या कुणीतरी आपल्या पायातून काढून दिलेला असतो.

तेवढ्यात एका जोडावर नजर अडली. डाव्या बुटाचं टोक घासलेलं. माझी सई सायकल पायानेच थांबवते. ‘शाळेत द्यायचेत’ म्हणून तिने जुने बूट नेले होते खरे, पण नवेही तिने तसेच घासलेत. आतला नंबर पाहिला असता तर लगेच कळलं असतं. मी वाकलेसुद्धा. मग तशीच सरळ झाले आणि दार उघडायच्या आत जिना उतरले.